शेअर सर्टिफिकेट एकाच्या नावावर, वारस मात्र पाच : कोथरूडमधील जुनी सदनिका घ्यावी का?

मुठाकाठ
नमस्कार. कोथरूडमध्ये एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील दोन शयनगृहांची जुनी सदनिका आम्हाला पसंत पडली असून ९२ लाखांवर बोलणी थांबली आहेत. मूळ खरेदी १९८७ ची, बांधकाम व्यावसायिकाकडून थेट झालेली आहे आणि तो करारनामा नोंदणीकृत आहे. खरेदी करणारे गृहस्थ आता हयात नाहीत व त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यांच्या पश्चात पत्नी, थोरला मुलगा आणि अमेरिकेत राहणारी मुलगी असा परिवार आहे. धाकटा मुलगाही वारला असून त्याची पत्नी आणि शाळकरी मुलगा पुण्यातच राहतात. वडिलांनी संस्थेत थोरल्या मुलाचे नामनिर्देशन केले होते, त्यामुळे त्यांच्या निधनानंतर शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे संस्थेच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, त्याचे नाव लागले. त्याचे म्हणणे असे, की संस्थेच्या दप्तरी तोच मालक असल्याने साठेखतावर (विक्रीच्या करारावर) आणि खरेदीखतावर तो एकटाच सही करील आणि बाकीच्यांची ‘नाहरकत’ प्रतिज्ञापत्रे नोटरी करून देईल. माणसे चांगली आहेत, आपसात भांडण नाही. तरीही विसार देण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

रोखठोक
पुण्यातील निम्म्या जुन्या सदनिका अशाच विकल्या गेल्या आहेत. दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या, मुदतीत हरकत आली नाही तर व्यवहार पूर्ण करा आणि विक्रेत्याकडून हमीपत्र घेऊन ठेवा. आमच्या इमारतीत असे किमान तीन व्यवहार झाले, आजवर कोणीही दारात आलेले नाही. वकिलांना विचारले तर ते कागदच वाढवतात.

दस्तलेखक
रोखठोक यांच्या इमारतीत कोणी दारात आले नाही ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु त्या तीन सदनिका पुढे विकायला किंवा बँकेकडे तारण ठेवायला निघतील तेव्हा काय होते ते पाहावे लागेल. मी पुण्यात दिवाणी वकिली करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या जुन्या सदनिकांच्या प्रकरणांत नामनिर्देशनाचा हा गैरसमज सर्वांत अधिक आढळतो.

नामनिर्देशित व्यक्ती ही संस्थेच्या सोयीसाठी असते. सभासद वारल्यावर देखभाल शुल्काची पावती कोणाच्या नावाने फाडायची आणि पत्रव्यवहार कोणाशी करायचा, हा संस्थेपुढचा प्रश्न नामनिर्देशनाने सुटतो. मिळकतीचा मालक कोण, हे मात्र वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भाग (शेअर्स) हस्तांतरित केलेच पाहिजेत असे म्हटले, तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ ‘नॉमिनी म्हणजे मालक’ असा लावला. त्याच निकालात इतर वारसांना आपला हक्क न्यायालयात मागण्याची मुभा राखून ठेवली आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली जे १३-ब हे प्रकरण घातले गेले, त्यातील कलम १५४-ब-१३ तर सरळ सांगते, की वारस सभासद म्हणून दाखल होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ तात्पुरती सभासद असते.

आता ‘नाहरकत’ प्रतिज्ञापत्राबद्दल. स्थावर मिळकतीतील १०० रुपयांवरील हक्क सोडायचा किंवा विकायचा असेल तर तो दस्त नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवावाच लागतो. नोटरीसमोर केलेले ‘माझी हरकत नाही’ हे विधान ना हक्कसोडपत्र आहे ना खरेदीखत. त्याने बहिणीचा हिस्सा भावाकडे जात नाही आणि म्हणून तो तुमच्याकडेही येत नाही. जाहीर नोटिशीला उत्तर आले नाही म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. हमीपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या खिशाएवढीच असते, आणि विक्रीची रक्कम वाटून झाल्यावर तो खिसा रिकामा असू शकतो. ‘मी प्रामाणिकपणे, चौकशी करून विकत घेतले’ हा बचाव मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये आहे; परंतु इतर वारस कोण आहेत हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि ते तुम्ही येथे लिहिलेही आहे, तेव्हा तो बचाव तुमच्या उपयोगाचा नाही.

पुढचे सांगण्यापूर्वी एक माहिती द्या. धाकटा मुलगा वडिलांच्या आधी वारला की नंतर? आणि त्याच्या मुलाचे वय काय?

मुठाकाठ
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. वडील २०१४ मध्ये वारले आणि धाकटा मुलगा २०१८ मध्ये. नातू आज ११ वर्षांचा आहे. शेअर सर्टिफिकेटवर थोरल्याचे नाव २०१५ मध्ये लागले. या क्रमाने काही फरक पडतो का?

दस्तलेखक
फार पडतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम ८ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम वर्ग १ च्या, म्हणजे कायद्याने सर्वांत जवळच्या मानलेल्या वारसांना समान हिश्श्यांनी जाते. २०१४ मध्ये पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे चार वारस होते, म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश. धाकटा मुलगा वडिलांच्या आधी वारला असता तर त्याच्या शाखेचा एक चतुर्थांश त्याच्या पत्नीत आणि मुलात निम्मा-निम्मा झाला असता. तो नंतर वारल्यामुळे त्याचा एक चतुर्थांश हिस्सा त्याला आधीच मिळालेला होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर तो त्याच्या स्वतःच्या वर्ग १ च्या वारसांकडे गेला. पुरुषाची आई ही वर्ग १ ची वारस असते. म्हणून तो हिस्सा त्याची आई, पत्नी आणि मुलगा अशा तिघांत विभागला जाऊन प्रत्येकी एक द्वादशांश झाला. आजचे चित्र असे : आजी एक तृतीयांश, थोरला मुलगा एक चतुर्थांश, मुलगी एक चतुर्थांश, धाकटी सून एक द्वादशांश आणि नातू एक द्वादशांश. मुलीचे लग्न झाले आहे किंवा ती परदेशात आहे, याने तिच्या हिश्श्यात काहीही बदल होत नाही. कन्येच्या सहदायिकी हक्काची (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः मिळणाऱ्या हक्काची) २००५ ची जी दुरुस्ती वारंवार चर्चेत येते, तिचाही येथे संबंध नाही, कारण ही वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत नसून वडिलांनी स्वतः घेतलेली आहे आणि अशा मिळकतीत मुलीला १९५६ पासूनच समान हिस्सा आहे.

या व्यवहारातील खरी अडचण त्या ११ वर्षांच्या मुलाचा एक द्वादशांश हिस्सा ही आहे. रकमेत तो सुमारे ७ लाख ६७ हजारांचा दिसतो, परंतु उरलेल्या ८४ लाखांचा व्यवहार त्याच्यावर अडलेला आहे.

रोखठोक
मुलाची आई त्याची नैसर्गिक पालक आहे ना? मग तिने मुलाच्या वतीने सही करावी. किंवा तिने स्वतःचा आणि मुलाचा हिस्सा आजीच्या नावे हक्कसोडपत्राने सोडून द्यावा. हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्कही नाममात्र लागते.

दस्तलेखक
आई नैसर्गिक पालक आहे हे खरे, परंतु हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ८(२) नुसार नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलाची स्थावर मिळकत विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाही. परवानगीवाचून केलेला व्यवहार त्या मुलाच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो. मुदत कायद्याप्रमाणे सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांपर्यंत त्याला दावा लावता येतो, म्हणजे आणखी दहा वर्षे ही टांगती तलवार तुमच्या सदनिकेवर राहील. मोबदला न घेता मुलाचा हिस्सा सोडून देणे तर त्याच्या हिताच्या सरळ विरुद्ध आहे. त्यासाठी कोणतेही न्यायालय परवानगी देईल असे मला वाटत नाही, आणि परवानगीशिवाय असे हक्कसोडपत्र करणे म्हणजे वीस वर्षांच्या तरुणाला स्वतःच्या हाताने दावा तयार करून देणे होय.

सज्ञान वारसांपुरते बोलायचे तर मोबदल्याविना केलेल्या हक्कसोडपत्राला शुल्क नाममात्र लागते हे बरोबर आहे. पण येथे त्याची गरज काय? सगळ्यांनाच विकायचे आहे. सर्वांनी विक्रेते म्हणून दस्तावर सह्या कराव्यात आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम त्याच्या त्याच्या खात्यात जावी. एकाच्या नावावर सर्व हिस्से गोळा करून मग विकण्याची पद्धत दुय्यम निबंधक कार्यालयातील एक फेरी वाचवते, पण भांडवली नफ्याच्या कराचे सगळे ओझे एका माणसावर टाकते.

कृष्णाकाठ
आमच्याकडे अशीच परवानगी काढावी लागली होती, म्हणून प्रक्रियेबद्दल लिहितो. अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. सदनिका का विकायची, आलेल्या पैशाचा मुलाला काय उपयोग होणार, ठरलेली किंमत बाजारभावाला धरून आहे का, हे न्यायालय पाहते. आम्ही मूल्यांकनकाराचा अहवाल, शाळेच्या शुल्काचा तपशील आणि सर्व सज्ञान वारसांची संमती जोडली होती. परवानगी मिळाली ती या अटीवर, की मुलाच्या हिश्श्याची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी आणि तो सज्ञान होईपर्यंत न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती मोडू नये. प्रकरण विरोधाचे नसले तरी त्याला महिने लागतात. बँकेच्या वकिलाने सर्वप्रथम तोच आदेश मागितला. आदेश पाहिल्यावर कर्ज मंजुरीला वेळ लागला नाही.

मुठाकाठ, तुम्ही कर्ज घेणार असाल तर हा प्रश्न तसाही तुमच्या हातात राहत नाही. एकट्या थोरल्या मुलाच्या सहीवर तुमच्या बँकेचा वकील हक्काबाबत अनुकूल अभिप्राय देणार नाही.

हिशेबनीस
कराबाबत थोडे. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदाराने निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का उद्गम कर (टीडीएस) कापून भरायचा असतो. पूर्वी काही जण ‘प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत आहे’ असे म्हणून कपात टाळत असत; १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व विक्रेत्यांची एकूण रक्कम धरली जाते, त्यामुळे सुनेच्या ७ लाख ६७ हजारांवरही १ टक्का कापावा लागेल. विवरण प्रत्येक विक्रेत्यासाठी स्वतंत्र भरायचे असल्याने मुलाचे पॅन आधीच काढून ठेवण्यास सांगा.

अमेरिकेतील मुलीचे प्रकरण मात्र पूर्णपणे निराळे आहे. ती अनिवासी असल्यामुळे तिला १ टक्क्याचा नियम लागू नाही आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. तिच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दर आहे, त्यावर ४ टक्के उपकर धरला की १३ टक्के होतात. नफा किती हे तुम्हाला अधिकृतपणे ठाऊक नसल्याने कपात पूर्ण २३ लाखांवर करण्याची पद्धत आहे, म्हणजे २ लाख ९९ हजार. तिचे भारतातील उत्पन्न ५० लाखांवर गेले तर अधिभार वेगळा. ही कपात जास्त वाटत असेल तर तिने प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी दराचे प्रमाणपत्र आणावे आणि ते पैसे देण्याच्या आधी तुमच्या हाती द्यावे. मूळ खरेदी २००१ पूर्वीची असल्यामुळे १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य हा खर्च म्हणून धरता येतो, त्यामुळे प्रत्यक्ष कर बराच कमी निघेल आणि प्रमाणपत्राचा खटाटोप तिच्या फायद्याचाच आहे. तुम्ही चुकून तिचाही १ टक्काच कापला, तर उरलेला कर आणि त्यावरील व्याज विभाग तुमच्याकडून वसूल करील. ‘बहीण परदेशात आहे हे दस्तात लिहू नका’ असे कोणी सुचविल्यास ते मुळीच ऐकू नये.

रोख रकमेचा विषय कोणी काढला नाही, तरी सांगून ठेवतो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतल्यास घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. विसारसुद्धा धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावा.

सागरपार
मी न्यू जर्सीत राहतो आणि नाशिक येथील आमच्या घराच्या विक्रीत माझी सही कुलमुखत्यारपत्राने झाली. त्यावरून मुलीच्या बाबतीत काय करावे लागेल ते सांगतो. कुलमुखत्यारपत्रावर भारतीय वाणिज्य दूतावासात सही करता येते, किंवा स्थानिक नोटरीसमोर सही करून त्यावर त्या राज्याचे अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारे अधिकृत प्रमाणीकरण, घेता येते. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. आमच्या नातेवाइकांनी पाकीट कपाटात ठेवून दिले असते तर सगळे पुन्हा करावे लागले असते. अधिकार कोणत्या सदनिकेपुरता, कोणत्या किमतीला आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हायचे हे त्यात स्पष्ट असावे. रक्कम बहिणीच्या एनआरओ खात्यातच (अनिवासींच्या भारतातील रुपया खात्यातच) जावी, भावाच्या खात्यात नाही. तेथून कर भरल्याच्या दाखल्यासह तिला वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

दस्तलेखक
सागरपार यांच्या लिहिण्यात एकच भर. कुलमुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे, याची खात्री दस्ताच्या दिवशी करून घ्यावी, कारण तिच्या मृत्यूबरोबर तो अधिकार संपतो. आणि आजींचे वय जास्त असेल तर त्यांच्याकडून थोरल्या मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र घेण्याचा मोह टाळा. चालता-फिरता येत नसल्यास दुय्यम निबंधकांना घरी येऊन नोंदणी करण्याची विनंती करता येते. त्यांनी स्वतः समजून केलेली सही पुढे कोणाला सहजासहजी खोडून काढता येत नाही.

मुठाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. थोरल्या मुलाशी बोललो. आरंभी ते नाराज झाले, परंतु पुतण्याचा हिस्सा आणि दहा वर्षांचा धोका समजावून सांगितल्यावर न्यायालयात अर्ज करण्यास तयार झाले आहेत; सूनबाईंना तर मुलाचे पैसे त्याच्या नावे राहणार हे ऐकून बरेच वाटले. तीन उपप्रश्न आहेत. संस्थेचे पदाधिकारी नाहरकत दाखल्यासाठी १ लाख रुपये ‘ऐच्छिक देणगी’ मागत आहेत. विक्रेते खालच्या मोकळ्या जागेतील पार्किंगचे ३ लाख वेगळे मागत आहेत. आणि सदनिका एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्क किती वाचेल?

ब_विंग_सचिव
मी एका संस्थेचा सचिव आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मीच देतो. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी संस्थेचे नाहरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही. कोणी मागितल्यास समितीने महिन्याभरात त्यावर निर्णय घ्यायचा असतो. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची (सदनिका हस्तांतरित होताना संस्था घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि देणगी, विकासनिधी किंवा अन्य कोणत्याही नावाने त्यावर रक्कम घेता येत नाही. याखेरीज हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. देणगीची मागणी लेखी द्या असे पदाधिकाऱ्यांना सांगून पाहा. बहुतेक वेळा ती तेथेच मिटते. एक विनंती मात्र आहे : विक्रेत्यांनी आधी सर्व वारसांची नावे संस्थेला कळवावीत आणि हस्तांतरणाच्या अर्जावर सर्वांच्या सह्या असाव्यात. आम्हा सचिवांनाही नंतर उपनिबंधकांसमोर उत्तरे द्यावी लागतात.

मोकळ्या जागेतील पार्किंग विकण्याचा अधिकार विक्रेत्यांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात, मोकळी किंवा स्टिल्टखालची (इमारतीच्या तळाशी खांबांमधली) पार्किंगची जागा बांधकाम व्यावसायिकालाही सदनिकेपासून वेगळी विकता येत नाही, असे ठरवले आहे. ती जागा संस्थेची आहे आणि वाटप संस्था करते. ३ लाख देऊन तुम्ही काही विकत घेत नाही.

हिशेबनीस
पुणे महापालिका हद्दीत सध्या मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के होतात. सर्व खरेदीदार महिला असतील तरच १ टक्का सवलत मिळते. पती-पत्नींनी संयुक्तपणे घेतल्यास मिळत नाही. ९२ लाखांवर ६ लाख ४४ हजारांऐवजी ५ लाख ५२ हजार, म्हणजे ९२,००० रुपयांची बचत होईल. नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये. वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनरमधील) किंमत ९२ लाखांपेक्षा अधिक निघाली तर शुल्क त्या किमतीवर लागेल, तेव्हा आधी ते तपासा. केवळ ९२,००० रुपयांसाठी नाव ठरवू नका. नाव पत्नीचे लागले की कायद्याने घरही त्यांचे होते, याला दोघांची मनापासून संमती असेल तर उत्तमच.

दस्तलेखक
आता पैशाचा क्रम. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत नोंदणीकृत साठेखत करू नका, कारण साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागेल आणि परवानगी नाकारली गेल्यास ते परत मिळवण्याच्या खटपटीत पडावे लागेल. सध्या फक्त लेखी विसारपावती करा. तीत पाचही हिस्सेदारांची नावे व हिस्से नमूद असावेत, रक्कम अगदी लहान असावी आणि ठरलेल्या मुदतीत न्यायालयाची परवानगी न मिळाल्यास विसार पूर्ण परत करण्याची अट असावी. दरम्यान १९८७ चा मूळ करारनामा हातात घेऊन पाहा. १० डिसेंबर १९८५ नंतरचे सदनिकांचे करारनामे हस्तांतरणपत्राइतक्या शुल्कास पात्र आहेत. त्यावर त्या काळचे योग्य शुल्क भरलेले आहे का, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा) जुळते का आणि वडिलांनी त्या कागदावर कर्ज काढले होते का, या तिन्ही गोष्टींचा शोध अहवाल मागवा. वारसांबाबत मी दिवाणी न्यायालयाकडून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस दाखलाही घ्यायला सांगेन, कारण तहसीलदारांचा दाखला मर्यादित कामांपुरता असतो आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र हे कर्ज व रोख्यांसाठी असते, स्थावरासाठी नव्हे. सगळे वारस एकत्र सही करणार असल्याने काही वकील तो अनावश्यक मानतील. दोन मृत्यू आणि एक अज्ञान वारस असलेल्या मिळकतीत मी तो आग्रहाने मागतो.

मुठाकाठ
न्यायालयीन खर्चाबाबत विक्रेत्यांनी असे सुचवले आहे, की निम्मा खर्च आम्ही उचलावा. हे रास्त आहे का?

कृष्णाकाठ
हक्क स्वच्छ करून देणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे, म्हणून नियमाने खर्च त्यांचाच. आम्ही मात्र निम्मा दिला होता आणि त्या बदल्यात आदेश येईपर्यंत किंमत वाढवायची नाही, दुसऱ्या ग्राहकाला सदनिका दाखवायची नाही असे विसारपावतीत लिहून घेतले होते. अर्ज सूनबाईंच्या नावाने होणार असल्याने वकीलही त्यांनी स्वतः निवडलेला असावा. तुमचा वकील त्या अर्जात आणू नका, मुलाच्या हिताबद्दल शंका घेण्याचे निमित्त न्यायालयाला मिळेल.

मुठाकाठ
हे पटले. त्याप्रमाणे विसारपावतीचा मसुदा करायला सांगितला आहे. पार्किंगचे ३ लाख विक्रेत्यांनी सोडले.